शीला बर्लिंग दुसऱ्या अंकात शहाणपणा शिकवायला लागते, ते कसं टाळायचं?

तिसरी_घंटा

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’चा मराठी अनुवाद बसवतोय. मूळ तीन अंक, आम्हाला सव्वा तासात करायचं आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमधलं ब्रमली नावाचं काल्पनिक कारखान्यांचं शहर, १९१२ च्या वसंतातली एक रात्र. कारखानदार आर्थर बर्लिंगच्या घरी मुलगी शीला हिच्या साखरपुड्याची मेजवानी चालू आहे. होणारा जावई गेराल्ड क्रॉफ्ट हा त्याहून मोठ्या कारखानदाराचा मुलगा. इन्स्पेक्टर गूल येतो आणि सांगतो की ईवा स्मिथ नावाच्या तरुणीनं जंतुनाशक पिऊन जीव दिला. मग एकेक करत बाहेर येतं की या घरातल्या प्रत्येकाचा त्यात हात आहे. बापानं तिला कारखान्यातून काढलं, शीलानं कपड्यांच्या दुकानातून काढायला लावलं, आणि पुढे गेराल्ड, आई, भाऊ एरिक.

अडचण शीलाची. पहिल्या अंकात ती लाडावलेली, अंक संपता संपता ढसाढसा रडते, आणि दुसऱ्या अंकापासून इन्स्पेक्टरची मदतनीस असल्यासारखी सगळ्यांना सुनावत सुटते. काम करणारी मुलगी चांगली आहे, पाठांतर चोख आहे, तरी तालमीत दुसरा अंक सुरू झाला की शीलाचा कंटाळा येतो. वीस-बावीस वर्षांची श्रीमंत मुलगी एका रात्रीत जागी होते हे पटवायचं कसं? बदल नेमका कुठे होतो? आणि सव्वा तासात आणताना तिचं काय अजिबात कापू नये?

विंगेतला

बदल कुठे होतो हे शोधायला गेलात की एक ‘क्षण’ सापडतो, नटी त्या क्षणाला जीव ओतून रडते आणि पुढचे दोन अंक रिकामे राहतात. तुमचं तेच झालंय. शीलाकडे जे गुण शेवटी दिसतात ते सगळे पहिल्या अंकातच आहेत, फक्त चुकीच्या कामाला जुंपलेले. तिची नजर तीक्ष्ण आहे. भूमिका त्या नजरेवर बांधा.

संहितेतून दाखवतो. मेजवानीच्या पहिल्या काही मिनिटांतच ती गेराल्डला चेष्टेच्या सुरात टोकते की गेल्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे फिरकलाच नाहीस. गेराल्ड कामाचं कारण देतो, आई लगेच सावरून घेते की मोठी कामं असलेल्या पुरुषांचं असंच असतं, सवय कर. हा संवाद सव्वा तासात पहिला उडतो, कारण तो ‘नुसती गप्पागोष्ट’ वाटतो. तो उडाला की दुसरा अंक पंगू. तो उन्हाळा म्हणजे १९११ चा, ज्या काळात गेराल्डनं ईवाला (तेव्हा तिचं नाव डेझी रेंटन) ठेवलं होतं. शीलाला काहीतरी जाणवलेलं आहे. फक्त या घरात असं जाणवणं गिळायचं असतं.

आता दुकानातला प्रसंग. मिलवर्ड्समध्ये ती एक पोशाख अंगावर घालून बघते. आईनं नको म्हटलेलं, दुकानातल्या मिस फ्रान्सिसनं नको म्हटलेलं, हिचा हट्ट. ईवा तोच पोशाख दाखवण्यासाठी स्वतःच्या अंगाशी धरते आणि तो तिला छान दिसतो. मग शीला आरशात बघत असताना तिला आरशातूनच ईवा मिस फ्रान्सिसकडे बघून हसताना दिसते. एवढ्यावरून ती मॅनेजरकडे जाऊन धमकी देते: हिला काढा, नाहीतर मी इथे पाऊल टाकणार नाही आणि आईला सांगून आमचं खातं बंद करायला लावीन.

आरशातलं ओझरतं हसू टिपणारी ही नजर आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी इन्स्पेक्टर ‘डेझी रेंटन’ हे नाव उच्चारतो तेव्हा गेराल्डच्या चेहऱ्यावरचा बदल कोण टिपतं? हीच. दुसऱ्या अंकात ईवाच्या पोटातल्या मुलाच्या बापाला दोष देत आई बोलत बोलत स्वतःच्याच मुलाभोवती फास आवळतेय हे आईच्या आधी कुणाला कळतं? हिलाच. ज्या नजरेनं एका मुलीची नोकरी घालवली तीच नजर आता घरातल्यांकडे वळते. हे धागे प्रेक्षकाच्या हातात दिलेत तर तिचा एकही संवाद उपदेश वाटत नाही. त्याला कळतं की ही शिकवत नाहीये, हिला दिसतंय.

दुसरी गोष्ट, क्रम नीट वाचा. बापानं ईवाला संपात पुढाकार घेतला म्हणून काढलं हे कळल्यावर शीला म्हणते की या मुली म्हणजे स्वस्तातली मजुरी नाही, माणसं आहेत. नाटकातलं हे सर्वांत उद्‌धृत होणारं वाक्य असेल. पण ती ते बोलते तेव्हा स्वतःचा वाटा तिला अजून माहीत नाही! ही फुकटातली सहानुभूती आहे, जेवणाच्या टेबलावरची. तुमची नटी बहुधा हे वाक्य प्रेक्षकांकडे वळून, टाळीच्या जागेसारखं घेते. तसं घेतलं की ती तिथेच संत झाली, पुढे वाढायला जागा उरत नाही. सहज, किंचित आगाऊपणे, बापाला चिडवल्यासारखं म्हणू द्या. पाच मिनिटांनी इन्स्पेक्टरकडचा ईवाचा फोटो समोर येतो आणि हेच वाक्य तिच्या घशात अडकतं.

आणखी एक छोटा प्रश्न जपा. मृत मुलीचं वय चोवीस कळल्यावर ती विचारते, सुंदर होती का? हा प्रश्न निरागसपणे यायला हवा. दुकानातली सगळी मत्सराची गोष्ट त्या एका प्रश्नात आधीच येऊन बसली आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या अंकासाठी तालमीतला एक उपाय. तिच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं लिहा: प्रश्न, विनवणी, कबुली, की शेरा. शेऱ्यांची संख्या वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघेल. आईला ती जे सांगते त्यातलं बहुतेक ‘थांब’ या अर्थाची विनवणी आहे. तुमच्या मुलीनं सगळंच शेरा म्हणून वाचलंय, म्हणून कंटाळा येतो. विनवणीचा आवाज खाली जातो आणि अंतर कमी होतं, शेऱ्याचा आवाज वर जातो आणि अंतर वाढतं. नुसतं एवढं दुरुस्त केलंत तरी अर्धं काम होईल.

नेपथ्यवाली

वस्तू आणि जागांबद्दल.

तिला इन्स्पेक्टरच्या बाजूला उभी करू नका, एकदाही नाही. तो रंगमंचाच्या उजवीकडे असेल तर ती डावीकडे, शक्यतो आईच्या खुर्चीजवळ. इन्स्पेक्टरशेजारी उभी राहून तेच वाक्य म्हटलं की ती सरकारी वकील होते, आईच्या खांद्यामागून म्हटलं की मुलगी राहते.

फोटो इन्स्पेक्टर एका वेळी एकालाच दाखवतो. गेराल्ड आणि एरिक डोकावायला बघतात तेव्हा तो अडवतो. शीलाला तो उजेडाजवळ नेऊन दाखवतो, ती ओळखते, हुंदका दाबते आणि धावत बाहेर जाते. म्हणजे रडणं लेखकानं विंगेत ठेवलंय. रंगमंचावर ढसाढसा रडायला कुणी सांगितलं? बाहेर जाऊ दे आणि परत येताना चेहरा कोरडा, आवाज थोडा बसलेला असू दे. फोटो पाहताना चार-पाच सेकंद शांतता पुरे, त्याहून जास्त ताणलीत तर प्रेक्षक फोटोत काय आहे याचाच विचार करतो. फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा, मागची बाजू पूर्ण कोरी, कार्ड जाडसर. पातळ कागद दिव्याखाली धरला की पलीकडून दिसतो आणि पहिल्या रांगेला ती कोरी पाटी कळते.

अंगठीचं काम तीन ठिकाणी आहे. पहिल्या अंकात गेराल्ड डबी काढतो, ती घालते आणि म्हणते की आता ही क्षणभरही नजरेआड होऊ देणार नाही. दुसऱ्या अंकात त्याची हकिगत ऐकून झाल्यावर ती परत देते. तिसऱ्या अंकाच्या शेवटी, सगळं खोटं होतं अशी घरातल्यांची समजूत झाल्यावर, तो पुन्हा पुढे करतो आणि ती म्हणते की अजून नाही, विचार करायला हवा. सव्वा तासात या तीनपैकी मधली जागा कापायचा मोह होतो. तिन्ही ठेवा. परत देताना ती त्याच्यावर ओरडत नाही, उलट म्हणते की आता निदान खरं बोललास म्हणून तुझा मान वाढला. अंगठी टेबलावर आपटू नका, हातात द्या.

खऱ्या अडचणी: दहाव्या रांगेपासून अंगठी दिसत नाही. म्हणून पहिल्या अंकात तिला बोट दिव्याकडे धरून बघायची सवय लावा, तीनदा पुरे. दुसऱ्या अंकात त्याच बोटाकडे हात गेला की मागच्या रांगेलाही कळेल. अंगठी किंचित सैल घ्या. घट्ट असेल तर दिव्यांच्या उकाड्यानं बोट सुजतं आणि ऐन वेळी निघत नाही, फारच सैल असेल तर पहिल्याच अंकात गडगडत खाली जाते. जादाची एक प्रॉपर्टीच्या (प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंच्या) पेटीत हवीच.

प्रकाशाची सूचना लेखकानंच दिली आहे: इन्स्पेक्टर येईपर्यंत गुलाबी आणि जवळिकीचा, मग जास्त उजळ आणि कठोर. आता गंमत अशी की बापाचं ‘ज्यानं त्यानं आपलं बघावं’ हे प्रवचन, त्यावर वाजणारी घंटा आणि बदललेला उजेड, या सगळ्याच्या वेळी शीला खोलीत नसते. ती आईबरोबर दिवाणखान्यात गेलेली असते. म्हणजे प्रवचन फक्त गेराल्ड आणि एरिक ऐकतात. ती नंतर हसत हसत विचारायला येते की तुम्ही अजून का आला नाहीत. तिला त्या कठोर उजेडात मेजवानीच्याच चालीनं येऊ द्या, तीन-चार पावलं चालू द्या, मग खोली बदललीय हे कळू द्या. उजेडाचा बदल घंटेवर सुरू करून सात-आठ सेकंदांत पूर्ण करा. झटक्यात केलात तर फ्यूज उडाल्यासारखं वाटतं.

कपडे रात्रभर तेच, मेजवानीचे. मूळ नाटकात अंक बदलला तरी वेळ पुढे सरकत नाही, आधीचा अंक जिथे संपला तिथूनच पुढचा सुरू होतो. त्यामुळे ‘आता ती साधी झाली’ असं दाखवायला शाल वगैरे पांघरायला देऊ नका. चकचकीत पोशाखातच तिला हे सगळं ऐकायचंय, आणि पोशाखावरूनच तर तिनं नोकरी घालवली होती.

तिसरी_घंटा

आरसा आणि गेराल्डचा चेहरा हे जोडणं सुचलंच नव्हतं. उन्हाळ्याचा संवाद आम्ही खरंच कापला होता, परत घेतोय.

अजून एक. इंग्रजीत ती सुरुवातीला ‘मम्मी’ म्हणते आणि पुढे ‘मदर’. अनुवादात सध्या ‘मम्मी’ आणि नंतर ‘आई’ केलंय. बरोबर आहे ना?

शब्दखोर

उलटं होतंय. इंग्रजीत ‘मम्मी’ वरून ‘मदर’ वर जाणं म्हणजे लाडाकडून अंतराकडे. मराठीत ‘मम्मी’ वरून ‘आई’ वर आलात तर कानाला जवळीक वाढल्यासारखी लागते, जणू इंग्रजाळलेली मुलगी घरी परत आली. प्रेक्षक भलताच अर्थ काढेल. सुरुवातीपासून ‘आई’च ठेवा आणि फरक क्रियापदांत, शेपट्यांत करा. पहिल्या अंकात “आई, बघ ना गं, किती सुंदर आहे!” दुसऱ्यात “आई, थांब. पुढे बोलू नकोस.” ‘ना’ गेला, ‘गं’ गेला, वाक्य आखूड झालं. मराठीत मोठं होणं असं ऐकू येतं.

बापाला ‘बाबा, तुम्ही’ शेवटपर्यंत. रागातही एकेरीवर आणू नका, नाहीतर बंडखोरीचा सोपा टाळीबाज रस्ता होतो. गेराल्डला ‘तू’, पण अंगठी परत देताना त्याचं नाव उच्चारून सुरुवात करा. इन्स्पेक्टरला आई ‘तुम्ही’ म्हणते पण वरून, शीला ‘तुम्ही’ म्हणते पण खरं विचारायला. सर्वनाम तेच, काम वेगळं.

आता एक शब्द सांगतो ज्यावर अनुवादकानं घाम गाळायलाच हवा. शीलानं मॅनेजरला काय सांगितलं? की ही मुलगी फार ‘इम्पर्टिनंट’ आहे. दुसऱ्या अंकात आई इन्स्पेक्टरला ऐकवते की तुमचं बोलणं जरा ‘इम्पर्टिनंट’ आहे. ते ऐकून शीला एकदम विचित्र, तुटक हसते. आई विचारते, काय झालं? ती म्हणते, कोण जाणे, तो शब्दच मूर्खासारखा आहे. आणि पुढे आई कबूल करते की ईवा मदत मागायला आईच्या धर्मादाय संस्थेकडे आली तेव्हा तिनं स्वतःचं नाव ‘मिसेस बर्लिंग’ सांगितलं, हा तर निव्वळ उद्धटपणा. तीन ठिकाणी एकच शब्द आहे. वरच्या वर्गाचं हत्यार आहे तो, खालच्या माणसानं मान वर केली की काढायचं. तुमच्या अनुवादात एकदा ‘उर्मट’, एकदा ‘आगाऊ’, एकदा ‘मर्यादा सोडून’ असं विविधतेसाठी झालं असेल, तर शीलाच्या हसण्याचा अर्थच गेला आणि नटी वेड लागल्यासारखी हसत बसेल. तिन्ही ठिकाणी ‘उद्धट’ ठेवा. माझ्या मते तिच्या मोठं होण्याचा सर्वांत नेमका पुरावा हे हसू आहे, रडणं नव्हे. तिनं स्वतःचं वाक्य आईच्या तोंडून ऐकलं.

तसंच ‘लहान मूल’. आई तिला वारंवार बाळबोध ठरवते, इन्स्पेक्टर मात्र म्हणतो की तरुणांवर परिणाम जास्त होतो. ‘पोर’ हा शब्द चालेल, पण ईवासाठी ‘पोरगी’ बापाच्या तोंडी असेल तर शीलासाठी ‘पोर’ नको, घोळ होतो.

पहिल्या अंकात एरिकला ती जे ‘स्क्विफी’ म्हणते ते ‘मद्यधुंद’ करू नका. “चढलीय तुला” पुरे. आई दचकायला हवी.

पैशांचे आकडे रुपयांत बदलू नका, तेवढ्यानं १९१२ तुटतं. पण प्रमाण पोहोचायला हवं. मुली आठवड्याला सरासरी साडेबावीस शिलिंग कमवत होत्या, मागणी पंचवीसची. वाढ अडीच शिलिंग, म्हणजे नवव्या हिश्श्याची. वीस शिलिंगांचा एक पौंड. एरिकनं बापाच्या कचेरीतून ईवासाठी उचललेली रक्कम सुमारे पन्नास पौंड, म्हणजे तिनं मागितलेल्या पगाराचे चाळीस आठवडे. हा हिशेब संवादात घालायचा नाही, पण नटांना माहीत असला की ‘अडीच शिलिंग’ हे शब्द ते वेगळ्या वजनानं उच्चारतात.

आणि ‘खातं’ म्हणजे बँकेचं नव्हे हे स्पष्ट होऊ द्या. मोठ्या घरांची दुकानात उधारीची वही असते, तसं. “आमचं इथलं खातं” म्हटलं की मराठी प्रेक्षकाला वाणसामानाची वही आठवते आणि धमकीचं बळ कळतं.

उलटतपासणी

सगळं छान चाललंय, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. शीलाच्या जागृतीची किंमत कोण मोजतं? ईवा स्मिथ रंगमंचावर येतच नाही. तिचा मृत्यू ही एका श्रीमंत मुलीची शिकवणी झाली. प्रेक्षागृहात बसलेल्या सुस्थितीतल्या माणसाला शीला फार सोयीची आहे: मला वाईट वाटलं, म्हणजे मी चांगला. त्यामुळे ‘ती कशी पटेल’ यापेक्षा ‘ती किती कमी पुरेशी आहे’ हे दाखवणं जास्त प्रामाणिक.

तुलनेसाठी चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ची आन्या घ्या. १९०४ चं नाटक, आन्या जमीनदार घरातली, सतरा वर्षांची. विद्यार्थी त्रोफीमोव्ह तिला सांगतो की तुझे पूर्वज माणसं बाळगणारे मालक होते, आणि त्याच्या प्रभावानं घरच्या चेरीच्या बागेवरचं तिचं प्रेम ओसरलेलं असतं. शेवटच्या अंकात ती नव्या आयुष्याच्या उत्साहात निघते. निघता निघता विचारते, म्हाताऱ्या फिर्सला, घरच्या जुन्या नोकराला, इस्पितळात पाठवलं का? नोकर म्हणतो, सकाळीच सांगितलं होतं. ती आणखी एकाला चौकशी करायला सांगते आणि जाते. शेवटी कुलूपबंद घरात फिर्स एकटाच राहिलेला असतो. सामाजिक जाणीव आली, पण स्वतः जाऊन दार उघडून बघणं आलं नाही. चेखव एका शब्दानं तिला दोष देत नाही, म्हणून तर ते लागतं.

आपल्याकडचं टोक म्हणजे तेंडुलकरांचं ‘कन्यादान’. तिथे जाणीव मुलीला बापाकडून, समाजवादी नाथ देवळालीकरांकडून, आयती मिळालेली. ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते ती त्याच संस्कारांच्या जोरावर, आणि मार खाते ती. शेवटी ती बापालाच जाब विचारते. शीलाच्या उलट प्रवास: तत्त्व आधी, त्याची किंमत नंतर. त्या नाटकातल्या अरुणच्या चित्रणावर वाद झाले आणि ते रास्त होते, पण जागृतीची किंमत जागं होणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर मोजणं हे तिथे आहे. शीला काय मोजते? एक अंगठी. तीही कदाचित परत घेईल.

म्हणून सूचना: एडनाला वापरा. घरातली मोलकरीण, संवाद मोजकेच, इन्स्पेक्टर आल्याची वर्दी तीच देते. स्टीफन डॉल्ड्रीनं १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी हे नाटक केलं तेव्हा खांबांवर उभं घर आणि बाहेर रस्त्यावरची मुकी माणसं दाखवली होती, बघणारं कुणीतरी सतत आहे हे कळायचं. तुम्हाला तेवढं नेपथ्य परवडणार नाही. पण पहिल्या अंकात शीलानं एडनाकडे न बघता ग्लास पुढे धरला आणि तिसऱ्यात पुन्हा तसाच, न बघता धरला, तर माझा मुद्दा एका हालचालीत येतो.

विंगेतला

उलटतपासणी, ईवा दिसत नाही ही उणीव नाही, रचनेची गरज आहे. ती दिसली की प्रेक्षक तिच्यावर दया करतो आणि सुटतो. बाकी किंमतीचा मुद्दा मान्य. पण शीलाला ज्या गोष्टीचं श्रेय मिळतं ती नुसती ‘वाईट वाटणं’ नाही हेही बघा. वाईट तिला त्या वेळीही वाटलं होतं. ती स्वतःच सांगते की दुकानातल्या प्रकारानंतर मनाला लागलं होतं. ईवा तिथे १९१० च्या डिसेंबरच्या सुरुवातीला लागली, जानेवारी १९११ च्या अखेरीस गेली. म्हणजे नाटकातल्या रात्रीआधी वर्षभराहून जास्त काळ हे वाईट वाटणं असंच पडून होतं, त्यानं कुणाचं काही भलं केलं नाही. लेखकाला पश्चात्ताप पुरेसा वाटत नाही याची याहून मोठी खूण कोणती?

खरी परीक्षा तिसऱ्या अंकात आहे. गेराल्ड बाहेरून बातमी आणतो की असा इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. बाप फोन करून खात्री करून घेतो, इस्पितळात विचारतात, आज तशी कुणी मुलगी दगावलेली नाही. सगळे सुटकेचा श्वास टाकतात, बाप तर इन्स्पेक्टरची नक्कल करत, मुलांकडे बोट दाखवून हसायला लागतो. शिक्षा रद्द झाली, तरी गुन्हा तसाच आहे असं म्हणणारी दोघंच: शीला आणि एरिक. बघणारं कुणी नाही, जाब विचारणारं कुणी नाही, त्यानंतरही जे उरतं ते तिचं. सव्वा तासात ही फोनाफोनी आखडा, दोन फोनांचा एक करा (परवानगी मिळाली तर), पण गेराल्डच्या बातमीनंतर शीलाचं न हसणं कापू नका. तिथे तिला कमीत कमी हालचाल द्या. बाकीचे दारूचे ग्लास भरतायत, जागा बदलतायत, ती बसलेल्या जागीच.

एडनाची ग्लासची हालचाल मला आवडली, पण तिसऱ्यात जशीच्या तशी नको, फार हिशेबी दिसेल. हात सवयीनं पुढे जाऊ दे, अर्ध्यावर थांबू दे, आणि पुढे काय करायचं ते तिला न कळू दे. ती बदलली का याचं उत्तर तुम्ही देऊ नका, तिलाही ते माहीत नाही. ‘अजून नाही’ हेच तर ती अंगठीबद्दल म्हणते.

प्रॉम्प्टर

कापाकापीवर सगळे बोलतायत म्हणून कोरडी पण कामाची माहिती. प्रीस्टली १९८४ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०४४ च्या अखेरपर्यंत. अनुवाद, प्रयोग आणि संहितेत काटछाट, तिन्हींसाठी लेखी परवानगी लागते. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असं नाही. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी फक्त विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि उपक्रमाशी संबंधित माणसांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून किंवा बाहेरच्या स्पर्धेत नेलात की ती धरू नका. आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तालीम निम्म्यावर आल्यावर हे आठवतं, तेव्हा पत्र आजच टाका.

तिसरी_घंटा

परवानगीचं पत्र गेलंय, उत्तर यायचंय. तोवर पूर्ण संहितेवरच तालीम करू. उन्हाळा, आरसा, ‘उद्धट’ आणि तिन्ही वेळची अंगठी परत घातली.

शेवटचं एक विचारतो. अगदी अखेरीला फोन वाजतो आणि बाप सांगतो की एक मुलगी आत्ताच इस्पितळाच्या वाटेवर दगावली, चौकशीला इन्स्पेक्टर येतोय. तेव्हा शीलानं कुणाकडे बघायचं? सध्या ती प्रेक्षकांकडे बघते.

नेपथ्यवाली

प्रेक्षकांकडे नको. फोन वाजताच बाकीचे फोनकडे वळतील. तिला दाराकडे वळवा, जिथून पहिल्यांदा इन्स्पेक्टर आला होता. फक्त मान, खांदे नाहीत. आणि पडदा तिच्या वळण्यावर टाकू नका, बापानं फोन खाली ठेवल्यावर दोन सेकंद मोजून टाका.